भाची उचलण्याचा मान

"पाणी नको, वैनी. बसायला आले न्हाई मी."

गिरिजाबाई उंबऱ्याबाहेरच उभी होती. एका हातात कुंकू लावलेल्या अक्षतांची पितळी वाटी, डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, आणि नजर... ती भावाच्या तोंडाकडं जातच नव्हती, ओसरीच्या खांबावर खिळली होती. उषाबाईनं पुढं केलेला तांब्या तसाच हातात राहिला. ज्या अंगणात परकर सावरत ती लंगडी खेळली, ज्या घरातून तिची पाठवणी झाली, त्याच घराच्या दारात सख्खी बहीण परक्यासारखी उभी होती. आणि तातेराव बाजेवरून उठावं की बसून राहावं हेही न सुचून नुसता तिच्याकडं बघत राहिला. चार वर्षं...! चार वर्षं राखी नाही की भाऊबीजेचं ओवाळणं नाही.

"मीराचं लग्न धरलंय वैशाखात, जालन्याला," ती खांबाला सांगावं तशी बोलली. "मामाला अक्षत दिल्याबिगर भाचीचं लग्न लागत न्हाई, म्हणून आले. पण एक ऐकून ठेव, दादा. या खेपेला उचलणार असशील तर ये. न्हाई तर येऊच नको! एका लेकीच्या मांडवात माझी शोभा झाली, तेवढी बस झाली."

तिनं वाटीतल्या चार अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या आणि वळली. तीर्थपुरीच्या रस्त्याला काळीपिवळी जीप उभी करून आली होती. तिचा हॉर्न वाजला, धूळ उडाली आणि अंगण पुन्हा रिकामं झालं. तातेराव उठला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला, एकेक दाणा बोटानं टिपून घेतला आणि धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला.

या भागातला रिवाज असा, की मंगलाष्टकांआधी मामानं भाचीला दोन्ही हातांवर उचलून घरातून मांडवात आणायचं आणि अंतरपाटापाशी उभं करायचं. मामा गरीब असो, काळा असो, त्याच्या अंगावरचा सदरा उसना असो, तेवढ्या घटकेपुरता मांडव त्याचाच! मुलीच्या आईला त्या क्षणी मिरवायला दुसरं काही लागत नाही. आपला पाठीराखा भाऊ आहे, आपलं माहेर अजून जागचं हललेलं नाही, एवढं चारचौघांत सिद्ध झालं की तिला सोन्याचा हार मिळाल्यासारखं वाटतं. गिरिजाबाईला तर हे जास्तच वाटणं साहजिक होतं. बाप गेल्यावर शेतातला आपला वाटा तिनं भावासाठी हसतमुखानं सोडला होता. "मला शेत नको, माहेर असू दे," एवढंच ती म्हणाली होती.

आणि तिच्या थोरलीच्या, रेणुकाच्या लग्नात... भटजींनी "मामा, नवरीला आणा" अशी हाक दिली, तेव्हा तातेराव मान खाली घालून म्हणाला होता, "संपतला उचलू द्या. माझी पाठ धरलीय."

संपत म्हणजे चुलतभाऊ. त्यानं आनंदानं उचललं, मिशा पिळून उचललं. पण त्याच सकाळी आचाऱ्याला हात द्यायला म्हणून तातेरावानं भाताचं भलंमोठं पातेलं चुलीवरून उतरवलं होतं, आणि ते अर्ध्या वऱ्हाडानं पाहिलं होतं! गिरिजाबाईनं पाठवणी होईपर्यंत कळ काढली, मग जानवशाच्या मागं भावाला गाठून विचारलं होतं, "भाताचं पातेलं उचलवतं तुला, अन् माझी लेक उचलवत न्हाई? पाठ कधी धरली रे तुझी? शेत घेताना तर ताठ व्हती!"

तातेराव तसाच वळून गावाकडं निघून आला होता.

पाठ धरलीच नव्हती. त्याच्या जांघेत, उजव्या बाजूला, एक गाठ होती. फार जुनी गाठ. खोकला आला की फुगायची, बाजेवर आडवं पडलं की आपोआप आत जायची. गावात तिला अंतर्गळ म्हणतात आणि आवाज खाली करून म्हणतात. आपल्याकडचा गडी बोटाला काटा लागला तर सबंध आळीला दाखवत फिरेल. पण असल्या जागेचं दुखणं...? तो बायकोलासुद्धा सांगायचा नाही. उषाबाईला कळलं ते कपडे धुताना, त्याचे लंगोट इतके जाड पट्ट्यांचे का, म्हणून. तेव्हा त्यानं देवापुढं तिच्याकडून शपथ घेतली होती, की हे कुणाला सांगायचं नाही, गिरिजाला तर मुळीच नाही. त्या लग्नाच्या सकाळी पातेलं उतरवताना ती गाठ सरकन खाली आली आणि आत जाईचना. घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. कडब्याच्या गंजीमागं तो पाय वर करून पडून राहिला, कशीबशी गाठ आत गेली, आणि तेवढ्यात भटजींची हाक आली... अशा स्थितीत भाचीला उचललं असतं आणि मधेच हातातून पडली असती तर? त्या भीतीनं त्यानं मान खाली घातली होती. शिवाय आईबापाविना राहिलेल्या बहिणीला, जिला त्यानं बापाच्या मायेनं वागवलं, तिला तो आपल्या जांघेचं दुखणं सांगणार होता? छे! त्यापेक्षा तिचा राग पत्करला. चार वर्षं पत्करला. बांधावर मोसंबीचे क्रेट उचलायला मजूर लावले, तेव्हा शेजारी "तातेराव साहेब झाले" म्हणून हसले, तेही त्यानं हसून घेतलं.

पण उंबऱ्यावरच्या त्या चार दाण्यांनी त्याचा धीर खचला. भाकरीचं ताट बाजूला सारून तो म्हणाला, "उषा, उद्या जालन्याला जायचं. दवाखान्यात."

उषाबाईच्या हातातलं पीठ परातीत पडलं. इतकी वर्षं ती ज्या वाक्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती, ते वाक्य असं भाकऱ्या थापताना येईल असं तिला वाटलं नव्हतं.

जालन्यातले ते डॉक्टर उतारवयाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी तपासलं, खोकायला लावलं, आणि हात धुता धुता म्हणाले, "तातेराव, आता दोन्ही बाजूंना आहे. डावीकडं नवीन सुरू झालाय. याला आम्ही हर्निया म्हणतो. औषधानं, पट्ट्यानं बरा होत नाही. एखादे दिवशी आतडं अडकून बसलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशन करावंच लागेल."

"करा. बिलकुल करा. पर जल्दी."

"दोन पद्धती आहेत." डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदावर एक पोट काढलं. "एक नेहमीची, चिरा देऊन. जांघेत दोन्हीकडं चार-चार बोटांचा छेद, आतडं आत ढकलायचं आणि कमकुवत जागेवर बाहेरून जाळी शिवायची. कमरेखालचं अंग बधिर केलं की पुरतं, तुम्ही जागे राहता. दुसरी दुर्बिणीची. बेंबीपाशी तीन बारीक छिद्रं, एकातून कॅमेरा, आणि तीच जाळी आतल्या बाजूनं लावायची."

"दुर्बिणीचं?" तातेराव दचकला. "डॉक्टरसाहेब, ते तर बायांचं असतंय ना? शाळेत कुटुंबनियोजनाचं शिबिर भरायचं, आमच्या हिचं तिथंच झालंय!"

उषाबाईनं पदराआड तोंड लपवलं. डॉक्टर मोकळेपणानं हसले. "दुर्बीण तीच, काम वेगळं. घाबरू नका. तुमच्यासारख्या दोन्ही बाजूंच्या हर्नियाला ही पद्धत सोयीची, कारण त्याच तीन छिद्रांतून दोन्हीकडचं काम होतं. दुखतं कमी, माणूस लवकर कामाला लागतो. हर्निया पुन्हा होण्याचं म्हणाल, तर सरावाच्या हातानं केलं की दोन्हींत फार फरक नाही."

"मंग जड कधी उचलता येईल?"

"दुर्बिणीनं केलं तर महिना-सव्वा महिन्यात हळूहळू. चिरा दिला तर, दोन्ही बाजू आणि वर तुमचा हा खोकला, तीन महिने तरी मी उचलू देणार नाही."

तातेरावानं मनातल्या मनात वैशाखाचा हिशेब केला. "दुर्बिणीचंच करा."

"उचलायचंय काय एवढं?"

"असंल पन्नासेक किलो."

"पोतं?"

"न्हाई..." तातेरावाचा आवाज बारीक झाला. "भाची."

डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. तेही इकडचेच होते. रिवाज त्यांना सांगावा लागला नाही.

पण दाखल झाल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वेगळंच बोलल्या. त्यांनी छातीला नळी लावली, फुंकर मारायला लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. बिड्या कधीपासून ओढता, जिना चढताना दम लागतो का, सगळं विचारलं. मग स्पष्ट सांगितलं, की दुर्बिणीच्या ऑपरेशनला पूर्ण भूल द्यावी लागेल, पोटात वायू भरावा लागेल, त्याचा दाब छातीवर येईल, आणि ही फुप्फुसं तो भार किती सोसतील याची खात्री देता येत नाही. "शुद्धीवर येताना श्वास अडकला तर आम्ही प्रयत्न करू, पण... काका, तुमच्यासाठी चिऱ्याचंच ठीक. जाळी तीच बसणार आहे."

"न्हाई बाई," तातेराव शांतपणे म्हणाला. "दुर्बिणीचंच. जगलो तर मांडवात ताठ मानंनं उभा राहीन. न्हाई जगलो तर... निदान भाऊ ऑपरेशनात गेला म्हणतील. न उचलता माघारी आला, असं तर म्हणणार न्हाईत!"

"असलं अभद्र बोलू नका हो!" उषाबाईचे डोळे भरून आले. ती उठली. चहा घेऊन येते म्हणाली आणि गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

तातेराव वॉर्डातल्या खाटेवर पडून राहिला. छताचा पंखा कुरकुरत होता. मरणाची त्याला खरोखरच भीती वाटत नव्हती. पोरं मार्गाला लागली होती, मोसंबीला पाणी होतं. अंतःकरणात सलत होतं ते एवढंच, की गिरिजाला कळणार नाही... काहीच कळणार नाही... आणि ते तिला कळावं असं त्याला वाटत होतं की नको होतं, हे त्याचं त्यालाच उमजेना.

पडद्याआडून डॉक्टर आले, स्टूल ओढून बसले. समजूत घालायलाच आले असावेत, पण आधी त्यांनी दुसरंच विचारलं.

"तातेराव, उजवीकडचा हा कधीपासूनचा? आठवतंय?"

"न आठवाया काय झालं? एक्याऐंशी साल. श्रावण." तो छताकडं बघत बोलू लागला. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून असेल कदाचित, शब्द आपोआप येत गेले. "बहीण पहिल्या बाळंतपणाला आल्ती माहेरी. पोटात कळा सुरू झाल्या अन् सुईणीच्यानं काय होईना. पोर आडवं व्हतं. मंग मी गाडी जुंपली, मायला अन् तिला आत बसवलं अन् तीर्थपुरीला निघालो. नाल्यापाशी काळ्या रानाचा असा चिखल, की चाक तुंब्यापर्यंत, पार आसाला टेकूस्तोवर रुतलं. एक बैल तर खालीच बसला. वर गिरिजा वरडून राह्यली, माय देवाला हाका मारून राह्यली... मी चाकाखाली खांदा घातला, डॉक्टरसाहेब, अन् उचललं. गाडी निघाली. अन् माझ्या जांघेत फटदिशी कायतरी तुटल्यावानी झालं. त्या घडीला काय कळलं न्हाई. दवाखान्यात पोर रडलेली ऐकू आली तवा कळलं, की आपल्याला उभं राहवत न्हाई."

"एकदा वजन उचलल्यानं भिंत फाटते असं नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "जागा आधीच कमकुवत असणार. पण बाहेर पडला तो त्या दिवशी, हे खरं. कुणाला सांगितलं नाहीत?"

"बाळंतीण बहिणीला काय सांगता, तुझ्यापायी माझं असं झालं म्हणून? तिनं जलमभर मनाला लावून घेतलं असतं. अन् जागा तरी सांगण्यासारखी हाय का!"

पडद्यापलीकडं बांगड्या वाजल्या. कुणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखा एक हुंदका आला... आणि पडदा बाजूला झाला.

गिरिजाबाई उभी होती. मागं उषाबाई, अपराध्यासारखी. चहाला म्हणून गेलेली ती रिक्षा करून थेट एमआयडीसीजवळच्या नणंदेच्या घरी गेली होती. देवापुढची शपथ मोडली होती आणि नणंदेला हाताला धरून घेऊन आली होती. पण तिलाही ठाऊक होती ती फक्त गाठ. चाकाची गोष्ट ती आत्ता, गिरिजाबाईबरोबरच ऐकत होती.

"दादा..." गिरिजाबाई आत आली. ती खाटेच्या पायथ्याशी खाली फरशीवरच बसली. "मला वाटलं बैलांनी काढली रे गाडी! वर मी कळांनी बेशुद्ध व्हायला आले व्हते... मायनं सांगितलं बैलांनी काढली, अन् मी पोळ्याला त्या बैलांना माझ्या हातानं पुरणाची पोळी चारली! त्यांच्या पाया पडले! अन् तू तिथंच उभा व्हतास. दावं धरून उभा व्हतास, हसत!"

"बैलं बी वढतच व्हती की," तातेराव गोरामोरा होऊन म्हणाला.

"हसू नको! ज्या पोरीपायी तुझं आतडं उतरलं, तिलाच उचलली न्हाई म्हणून मी तुला... शेताचं बोलले मी तुला, दादा! चार वर्षं तुझ्या घरचं पाणी टाकलं मी!" तिनं कपाळ खाटेच्या लोखंडी दांडीवर टेकवलं आणि ती रडू लागली, जे रडणं माहेरच्या माणसापुढंच येतं तसं, मोठ्यानं, लाजलज्जा सोडून.

तातेरावाचा हात तिच्या डोक्यावर गेला. लहानपणी ठेच लागून घरी आली की जायचा तसाच. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, आणि गंमत म्हणजे ते पुसायची त्याला लाज वाटली नाही. डॉक्टर केव्हा उठून गेले, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बऱ्याच वेळानं गिरिजाबाई उठली. उशाशी उषाबाईनं घरून आणलेला तांब्या होता. तो तिनं उचलला, वरून धार धरून घटाघटा पाणी प्याली आणि तोंड पुसलं.

"डॉक्टरांना सांगून आले," मागं वळून ती म्हणाली. सांगून आली नव्हती; पण आता जाऊन सांगणार होती. "चिऱ्याचंच करायचं. जागेपणी. ती दुर्बीण ज्याच्या छातीत दम हाय त्याला."

"गिरिजे, मंग मला मीराला उचलता येणार न्हाई. मांडवात पुन्हा तुझी..."

"नको उचलू! मला भाऊ पायजे, हमाल नको." ती कडाडली आणि लगेच तिचा आवाज मऊ झाला. "मांडवाचं मी बघते. तू फक्त ये."

चिऱ्याचं ऑपरेशन झालं. कमरेखालचं अंग बधिर, वर तातेराव जागा. डॉक्टरांनी जाळीचा तुकडा दाखवला तेव्हा "मोसंबीच्या पिशवीवानीच हाय की" असंही म्हणाला. दुखलं, चांगलंच दुखलं. दुर्बिणीवाला शेजारच्या खाटेवरचा पेशंट दुसऱ्याच दिवशी शीळ घालत घरी गेला, तेव्हा तातेरावाला त्याचा हेवा वाटला. पण त्याचा श्वास सरळ चालत होता, बिडी सुटली होती, आणि बहीण दोन्ही वेळचा डबा घेऊन येत होती. टाके निघेपर्यंत ती गावी जाऊ देईना.

वैशाखात मीराचं लग्न लागलं. गल्ली अडवून मांडव घातला होता. गिरिजाबाईचे यजमान काकासाहेब पाहुण्यांना पंखे वाटत फिरत होते. तातेराव पांढरा फेटा बांधून पुढं बसला होता, आणि भटजींच्या हाकेची वाट पाहताना फेटा पुन्हा पुन्हा सारखा करत होता. सगळी तीच माणसं! चार वर्षांपूर्वीची!

"मामा, नवरीला आणा!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून संपत बाह्या सावरत उठला. "बसा दादा, मी उचलतो..."

"थांब, संपत."

गिरिजाबाई मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. असल्या वेळी नवरीची आई पुढं येऊन बोलत नाही. ती बोलली.

"माझी रेणुका पोटात आडवी व्हती, तवा माझ्या भावानं चिखलातून गाडी उचलली. आम्हा दोघींसकट उचलली. त्या दिवशी त्याचं आतडं उतरलं. आम्ही जगलो, अन् तो तेवीस वर्षं ते दुखणं घेऊन हिंडला, लाजंपायी बोलला न्हाई. मी त्याला याच जनलोकात नावं ठेवली. आता त्याचं आपरेशन झालंय. आज माझी मीरा मामाच्या हाताला धरून चालत येईल. कुणाला काय म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा!"

संपतनं बाह्या खाली केल्या. तातेरावाची मान मात्र खाली गेली. ज्या गोष्टीसाठी त्यानं सगळं सोसलं, ती बहिणीनं लाऊडस्पीकरच्या शेजारी उभं राहून सांगून टाकली होती! पण कुणी हसत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तर डोईवरच्या टोप्या सारख्या केल्या होत्या.

तो उठला, सावकाश घरात गेला. मुंडावळ्या बांधलेली मीरा दारातच होती. तिनं त्याचा उजवा हात धरला. आणि डावीकडून दुसरा हात आला, जरीच्या साडीतला. ती रेणुका होती, थोरली, जिला त्यानं उचललं नव्हतं.

"रेणे, तुझा मान राह्यला गं पोरी," तो कसाबसा म्हणाला. "तुला उचलता आलं न्हाई मला..."

रेणुकानं त्याचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"मला तर तुम्ही सगळ्यांच्या आधी उचललं, मामा. जन्माला यायच्याही आधी."

तातेरावाला पुढचं नीट दिसेना. बाहेर भटजी घाई करत होते. "चला मामा, मुहूर्त टळून राह्यलाय," रेणुका म्हणाली, आणि दोघी भाच्यांनी त्याला सांभाळून मांडवात आणलं.